खिडकीखालचा थांबा

हळूबुवांना हे नाव डेपोनं दिलं. खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं होतं, आणि ते कुणी पुकारलं की खुद्द हळूबुवाच आजूबाजूला बघायचे, हा कोण नवीन माणूस आला म्हणून. शहराच्या बस चालवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, पण त्यांनी कुणाला मागे टाकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. सायकलवाले त्यांना ओलांडून जात आणि जाता जाता हात करत. थांब्यावर शेवटचा माणूस चढेपर्यंत हळूबुवा आरशात बघत राहायचे, मग मान मागे वळवून मोठ्यानं म्हणायचे, "धरून बसा." उभ्या असलेल्यांनाही हेच आणि बसलेल्यांनाही हेच. गाडी रिकामी असली तरी एकदा म्हणून टाकायचे. कॉलेजची पोरं त्यांच्या आधीच एका सुरात "धरून बसा" म्हणून मोकळी व्हायची. हळूबुवा हसायचे नाहीत की रागवायचे नाहीत. स्वतः पुन्हा एकदा म्हणायचे आणि मगच गिअर टाकायचे.

हे एक वाक्य सोडलं तर माणूस मुलखाचा अबोल. घरातसुद्धा बोलायचं खातं बायकोकडे. तिला सगळी इमारत मावशी म्हणे, म्हणून आपणही मावशीच म्हणू. मावशी समोरच्या हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे, पडदे घरी शिवून द्यायच्या, आणि मशीन चाले तोवर तोंडही चाले. पुढे डोळ्यांत काचबिंदू शिरला. तो चोरपावलांनी येतो आणि घर धुऊन नेल्यावरच कळतो. आधी कडेकडेच्या वस्तू गेल्या, मग सुईचं नेढं गेलं, मग नवऱ्याचा चेहरा गेला. उजेड आहे की अंधार, एवढंच काय ते कळायचं राहिलं. मावशींनी त्याचं रडगाणं केलं नाही. "तुमचं तोंड मला पाठ आहे," म्हणाल्या, "त्यात नवीन काय बघायचं राहिलंय?" हळूबुवा त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले होते.

घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीच्या खिडकीखाली बरोबर बसचा थांबा. तिथून रस्ता वळतो आणि चढाला लागतो. समोर हॉस्पिटल असल्यानं हॉर्न वाजवायला बंदी. मावशींची दृष्टी गेली तेव्हा हळूबुवांनी एक रीत पाडली. गाडी थांब्याला लागली की ती न्यूट्रलमध्ये ठेवायची आणि ॲक्सिलरेटर एकदा लांब दाबायचा. ती घरघर वर खिडकीत पोचली की मावशींनी समजायचं, आले. मग माणसं चढून झाली तरी गाडी थोडा वेळ तशीच धडधडत ठेवायची, म्हणजे तिला सोबत वाटते. निघताना चढासाठी पुन्हा एकदा रेस द्यायची आणि जायचं. दिवसात जितक्या फेऱ्या तितक्या भेटी. त्या थांब्यावर इतरही मार्गांच्या गाड्या येत, पण मावशींची ओळखण्यात कधी चूक झाली नाही.

गाडी डेपोतली सगळ्यात जुनी होती. हळूबुवा तिला म्हातारी म्हणत आणि मावशी तिला सवत म्हणत. "आली का माझी सवत, खोकत खोकत," असं म्हणून त्या खिडकीपाशी खुर्ची ओढायच्या. "माझ्यापेक्षा जास्त वेळ तिच्या मांडीवर असता तुम्ही," असाही एक नेहमीचा टोमणा होता, आणि त्यावर हळूबुवांचं नेहमीचं उत्तर म्हणजे चहाचा एक मोठा घोट.

डेपोत अशी पद्धत होती की वर्षातून एकदा ड्रायव्हरांनी आपापला मार्ग आणि आपापली गाडी निवडायची, आणि पहिला हक्क सगळ्यात जुन्या माणसाचा. हळूबुवांचा नंबर कधीच पहिला झाला होता. ते पुढे यायचे आणि दरवर्षी तीच खडखडणारी म्हातारी आणि तोच चढाचा मार्ग मागायचे. बाकीचे मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकायचे. डेपोचा मिस्त्री मात्र कपाळाला हात लावायचा, कारण म्हातारीच्या पोटात हात घालायचं काम त्याचं. काळ्या धुराचा लोट दाखवून तो म्हणे, "ही आता डिझेल पीत नाही बुवा, विडी ओढते." हळूबुवा कौतुकानं तिच्या बॉनेटवर थाप मारायचे.

आता हवेचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं हवेनंच घडवलं. उन्हाळा पूर्वी पाहुण्यासारखा यायचा आणि चार दिवस राहून जायचा. हल्ली तो घरजावई झाला होता. लवकर यायचा आणि निघायचं नावच काढायचा नाही. दुपारी रस्त्याचं डांबर इतकं मऊ पडे की उतरणाऱ्याची चप्पल मागेच राही. रात्री भिंतीला पाठ टेकवली तर भिंत तव्यासारखी. एका वर्षी पावसानं सगळ्या मोसमाचं पाणी एका दुपारीच ओतलं, डेपोत गाड्या सीटपर्यंत बुडाल्या, आणि नंतर कितीतरी महिने आकाश कोरडं ठणठणीत. समोरच्या हॉस्पिटलात ऊन लागलेली म्हातारी माणसं येत, आणि त्यांच्या लेकी-सुना बाहेर पायरीवर वारा घेत बसत. हळूबुवांनी आपल्या सीटमागे पाण्याचा मोठा डबा ठेवायला सुरुवात केली. बसमधला कुणी घेरी येऊन बसला की गाडी बाजूला घ्यायची आणि त्याला पाणी पाजायचं. वेळापत्रक आधीच त्यांच्यावर रुसलेलं होतं, ते आणखी रुसलं.

याच दिवसांत मावशींना खोकला लागला. आधी कोरडा, मग धाप लागणारा. परगावी असलेली लेक धावत आली, आईला डॉक्टरकडे घेऊन गेली, बरोबर हळूबुवाही गेले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि घरात कुणी सिगारेट ओढतं का म्हणून विचारलं. हळूबुवांनी मान ताठ करून सांगितलं की आयुष्यात कधी तोंडाला लावली नाही. मग धूळ, पडदे, उशी, स्वयंपाकाचा धूर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. लेकीनं पडदे धुतले, गादी उन्हात टाकली, आणि रस्त्याची धूळ नको म्हणून खिडकी लावून घेतली. लेक गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मावशींनी ती उघडली. एवढ्या उकाड्यात बिचारीला वारा हवाच, असं हळूबुवांना वाटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते काही उगाच नाही.

आणि तेव्हाच डेपोत बातमी आली की डिझेलच्या गाड्या जाणार आणि विजेच्या येणार. बातमी फार लांबून आली होती. जगभरच्या देशांची माणसं कुठल्याशा मोठ्या सभागृहात जमली होती, भांडली होती, शेवटी एका कराराखाली सह्या झाल्या होत्या. ती सही देशातून राज्यात, राज्यातून शहरात उतरत उतरत एके सकाळी हळूबुवांच्या सीटपर्यंत येऊन ठेपली. डेपोच्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी ड्रायव्हरांसाठी वर्ग ठेवला आणि शिकवायला एका तरुण बाईंना बोलावलं.

त्या बाईंनी सोपं करून सांगितलं. गाडीच्या धुरात दोन गोष्टी असतात. काळी काजळी दिसते, ती खालीच राहते आणि माणसांच्या छातीत जाते. दुसरा वायू दिसत नाही, तो वर जाऊन पृथ्वीभोवती पांघरुणासारखा साठतो, आणि भर उन्हाळ्यात पांघरूण घेऊन झोपलं तर जे होईल तेच सगळ्या जगाचं होतंय. कारखाने, वीजघरं, गाड्या, तोडलेली जंगलं, सगळ्यांनी मिळून हे पांघरूण विणलंय. मिस्त्रीनं विचारलं की बाई, गाड्यांना लागणारी वीज तरी कोळसा जाळूनच येते ना? बाई म्हणाल्या, बरीचशी येते, म्हणून तिकडचीही चूल बदलावी लागणार आहे, आणि तुमच्या डेपोच्या छपरावर सूर्यावर चालणारी पॅनेलं त्यासाठीच बसतायत. कुणी एकानं सगळं करायचं नाही, पण प्रत्येकानं आपलं करायचं आहे.

हळूबुवांनी हे सगळं ऐकलं आणि पालथ्या घड्यावर पाणी. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. डेपोच्या अंगणात उभी असलेली नवी गाडी मिस्त्रीनं चालू करून दाखवली होती, आणि चालू झाली हे कुणाला कळलंच नव्हतं. आवाजच नाही. ही गाडी खिडकीखाली उभी राहील, निघून जाईल, आणि वर खुर्चीत बसलेल्या बाईला पत्ता लागणार नाही. दिवसभराच्या अंधारात तिला सापडणारी ती एक खूण आपल्या हातानं पुसायची?

"माझ्या एका गाडीनं जग तापत नाही," असं ते मॅडमना म्हणाले. मॅडमनी शांतपणे सांगितलं की प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या गाडीबद्दल हेच म्हणतो. तरीही निवडीच्या दिवशी हळूबुवांनी हक्क बजावला. पहिला नंबर त्यांचा होता, विजेची कोरी गाडी समोर उभी होती, आणि त्यांनी म्हातारी मागितली. डेपोत हसून हसून मुरकुंडी वळली. त्यांनी कारण कुणाला सांगितलं नाही. बायकोला भेटायला डिझेल जाळतो, हे काय मॅडमना सांगायचं?

त्या वर्षीचा उन्हाळा कसाई निघाला. म्हातारीचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, त्यामुळे बाहेर भट्टी आणि आत दुसरी भट्टी. एका दुपारी फेरी संपली, हळूबुवांनी शेवटच्या थांब्यावर गाडी नीट उभी केली, हँडब्रेक ओढला, आणि उतरता उतरता पायरीवरच कोसळले. त्यांच्याच डब्यातलं पाणी त्यांच्या तोंडावर मारावं लागलं. डॉक्टरांनी आठवडाभर घरी पडून राहायला सांगितलं.

म्हातारी तेवढ्यापुरती विमानकडे गेली. विमान म्हणजे डेपोतला सगळ्यात जोरात गाडी हाणणारा ड्रायव्हर, नावातच सगळं आलं. तो मनानं मात्र चांगला. मिस्त्रीला काही गोष्टी न सांगता कळलेल्या असतात. त्यानं विमानला बजावलं की त्या चढाच्या थांब्यावर एक लांब रेस द्यायची आणि थोडं थांबायचं, वर बुवांची बायको वाट बघत असते. विमाननं मान डोलावली. पुण्याचं काम म्हणून तो जरा जास्तच मनापासून करायचं ठरवून बसला.

हळूबुवा आपल्याच घरात दिवसा कधी बसले नव्हते. पहिल्या दिवशी त्यांना स्वतःची खोली परकी वाटली. दुपारी मावशींनी खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि यांच्यासाठी शेजारी स्टूल ठेवलं. "बसा," म्हणाल्या, "आज सवत दुसऱ्याबरोबर फिरायला गेलीय, बघू कशी नांदते." हळूबुवा चक्क हसले. थोड्या वेळानं खालून ओळखीची धडधड आली आणि रेस सुरू झाली, लांबलचक.

आणि खिडकीतून धूर आत आला.

तो डोळ्यांना झोंबला, घशात उतरला. हळूबुवांनी तोंड फिरवलं आणि मावशींकडे पाहिलं. मावशींनी तोंड फिरवलं नव्हतं. उलट खिडकीच्या गजांना गाल लावून त्या बाहेर वाकल्या होत्या आणि चेहऱ्यावर असं हसू होतं की हळूबुवांनी ते कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते, पण इंजिनाच्या गडगडाटात शेजारच्या स्टुलावरही काही ऐकू येईना. मग खोकला आला. त्या पदर तोंडात कोंबून खोकल्या, मान खाली घालून खोकल्या, आणि पुन्हा गजांना गाल लावला. खाली विमाननं दिलेला शब्द पाळला, भरपूर वेळ थांबला, आणि मग सवयीनं एकदम उसळी मारून चढावर पसार झाला. मावशी कान देऊन तशाच वाकून राहिल्या.

"गेला?" त्या म्हणाल्या. "असाच गेला?"

हळूबुवांना त्या प्रश्नाचा अर्थ लागला नाही, आणि त्यांचं लक्षही नव्हतं. त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं होतं. सकाळीच पुसलेला कट्टा. बोट काळं झालं. पडद्याची रस्त्याकडची बाजू बघितली, ती काळी. मावशींच्या गालावर गजांचे दोन काळे पट्टे उमटले होते. घरात कुणी सिगारेट ओढतं का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. रोज, दर फेरीला, हात जोडावेत तशा प्रेमानं ॲक्सिलरेटर दाबून हा माणूस आपल्या बायकोच्या छातीत धूर भरत होता, आणि तिला सोबत वाटावी म्हणून थोडा वेळ जास्तच भरत होता. हळूबुवा ओला पंचा घेऊन आले आणि तिचे गाल पुसायला लागले. 

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"नाकानं आंधळी नाही हो मी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

 "सांगितलं असतं तर तुम्ही खिडकीखाली थांबला नसता," त्या म्हणाल्या. "खोकला काय, येतो आणि जातो."

हळूबुवा रडले. लपवायचं कारण नव्हतं, तिला दिसत नव्हतं, पण तिनं हात पुढे करून त्यांचा चेहरा चाचपला आणि पंचा उलटा त्यांच्याच गालावर फिरवला. पांघरुणाची गोष्ट त्यांना वर्गात कळली नव्हती. जग फार मोठं होतं, त्याच्या अंगावरचं पांघरूण त्यांना दिसत नव्हतं. ही खोली मात्र हाताएवढी होती. आपला धूर जातो कुठे हे त्यांना इथं दिसलं. या खिडकीनंतर तो पुढे जात असणार, दुसऱ्या खिडक्यांत, हॉस्पिटलच्या पायरीवर, आणि आणखी वर, जिथे सगळ्यांचा धूर एकत्र होतो. थेंबे थेंबे तळे साचे हे त्यांनी शाळेत पाठ केलं होतं, पण त्या थेंबात आपलाही एक असेल असं वाटलं नव्हतं.

कामावर परतल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी मधला मार्ग काढून बघितला. थांब्यावर गाडी आली, माणसं चढली, रेस नाही, थांबणं नाही, गुपचूप चढ चढून गेले. दुपारच्या फेरीला वरच्या मजल्यावरची शेजारीण थांब्यावर धावत आली. मावशी सकाळपासून दारात उभ्या आहेत, म्हणाली, यांना पुन्हा काही झालं का म्हणून विचारत सुटल्या आहेत. हळूबुवांनी रेस दिली. दिली आणि आरशात मागे पसरलेला काळा लोट बघितला. इकडे आड तिकडे विहीर झालं.

संध्याकाळी ते मॅडमच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले आणि विजेची गाडी द्या म्हणाले. मॅडमनी चष्मा काढला. निवडीचा दिवस होऊन गेला होता, वर्ग संपला होता, आणि डेपोभर ज्याच्यावर हसून झालं तोच माणूस समोर उभा होता. कारण विचारल्यावर या अबोल माणसानं सगळं सांगितलं, रेस, खिडकी, काळे पट्टे. मॅडमनी सगळं ऐकून वर्गाची यादी पुढे ओढली. मग म्हणाल्या की पुढच्या वर्गात नाव घालते, आणि गाडी मिळेपर्यंत तुम्हाला दुसऱ्या मार्गावर पाठवते.

ते मधले आठवडे फार वाईट गेले. हळूबुवा शहराच्या दुसऱ्या टोकाला गाडी चालवत, मावशी सवयीनं खुर्ची ओढून बसत आणि परक्या गाड्यांचे आवाज ऐकत. लेकीनं फोन करत जा म्हणून सुचवलं. हळूबुवांनी फोन केला, "जेवलीस का" विचारलं, मग दोघंही गप्प. म्हातारी भंगारात निघायच्या दिवशी मावशी हट्टानं डेपोत आल्या. सवतीला निरोप देते म्हणाल्या. मिस्त्रीनं हात धरून त्यांना बॉनेटपाशी नेलं. मावशींनी गार लोखंडावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "बाई गं, सांभाळलंस हो माझ्या माणसाला." मिस्त्री लगेच वळून एक चांगलाच घट्ट असलेला नट आवळायला लागला.

नव्या गाडीवर हळूबुवा लवकर रुळले. जरा पाय टेकवला की ती हरणासारखी पळे, पण हळूबुवांच्या पायाशी तिची गाठ होती, तिनंच आपली चाल बदलली. हळू चालवलं की चार्ज जास्त पुरतो असं निघालं, आणि जन्मात पहिल्यांदा हळूबुवांना त्यांच्या वेगाबद्दल शाबासकी मिळाली. जुना मार्ग परत मिळाला. ऊन तसंच होतं, काही कमी झालं नव्हतं, आणि आपल्या हयातीत फारसं होणारही नाही हे त्यांना शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. साठलेलं पांघरूण लगेच निघत नाही, आज निदान त्यावर आणखी घालायचं थांबवायचं.

त्या सकाळी घरातून निघताना त्यांनी मावशींना कबूल करून टाकलं. "आजपासून तुला मी आलेलो कळणार नाही." मावशी म्हणाल्या, "बघू." त्यांचा खोकला पुष्कळ कमी झाला होता. हळूबुवांना त्याचा आनंद होता, आणि तरी जिना उतरताना कुणीतरी परगावी निघाल्यासारखं वाटत होतं.

गाडी थांब्याला लागली. नव्या गाडीची समोरची काच एवढी मोठी होती की मान जरा वाकवली तर दुसऱ्या मजल्यावरची खिडकी दिसत होती. म्हातारीतून ती कधी दिसली नव्हती. हळूबुवांनी पाहिलं. मावशी खुर्चीवर होत्या, गजांशी, पण चेहरा भलत्याच दिशेला. पाय सवयीनं पेडलकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला. माणसं चढली. आरशात बघून झालं. काही करण्यासारखं नव्हतं. त्यांनी मान मागे वळवली आणि नेहमीसारखं मोठ्यानं म्हटलं, "धरून बसा."

दरवाजे अजून उघडे होते. दार मिटायच्या बटणाकडे हात गेला, तेवढ्यात वरून आवाज आला.

"सावकाश जा हो. मी आहे इथंच."

आवाज मावशींचा होता. हळूबुवांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा आता बरोबर गाडीकडे होता, गजांना गाल लावलेला, आणि तेच हसू. त्या दिवशी धुरात हलणारे ओठ हळूबुवांना आठवले. हे वाक्य आजचं नव्हतं. ती ते रोज म्हणत होती, दर फेरीला, इतकी वर्षं, आणि त्यांनीच आपल्या इंजिनाखाली ते दर वेळी बुडवलं होतं. गाडीत सगळं शांत होतं. समोरच्या सीटवरच्या आजीबाई वर बघत होत्या, कॉलेजची पोरंसुद्धा बघत होती.

मावशी तशाच वाकून राहिल्या, कान खाली लावून. विमान उसळी मारून गेला त्या दिवशी राहिल्या होत्या तशा. असाच गेला, असं त्यांनी विचारलं होतं. आणि हळूबुवांना ते आत्ता उलगडलं. निघताना चढासाठी म्हणून जी दुसरी रेस ते देत, आणि विमाननं जी दिली नव्हती, तिलाच ती आजवर उत्तर समजत आली होती. ती म्हणायची, मी आहे इथंच, आणि खालून उत्तर यायचं. आताही ती त्या उत्तराचीच वाट बघत होती, आणि या गाडीकडे ते नव्हतं.

हळूबुवांनी हँडब्रेक ओढला. सीटवरून उठले, पुढच्या दारात आले, एका हातानं दांडा धरला आणि भर रस्त्यात, भरल्या गाडीपुढे, तोंड वर करून ओरडले, "हो गं. येतो."

वर मावशींनी गजांतून हात बाहेर काढला आणि हलवला. हळूबुवा कितीतरी वेळ तो हात बघत राहिले. मग जागेवर येऊन बसले, आरशात बघितलं, डोळे पुसून पुन्हा बघितलं, आणि मान मागे वळवली तर घशातून शब्दच फुटेना. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतलं एक जण हळूच म्हणालं, "धरून बसा," आणि गाडी आवाज न करता चढाला लागली.